मोझार्टच्या आईला साडेतीन ओळींत उरकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला थोर संगीतकारांच्या घरांवरचा लेख वाचला. मोझार्टच्या वडिलांना त्यात दोन रकाने मिळाले, बहिणीला अर्धा आणि आईला साडेतीन ओळी. त्या साडेतीन ओळींत आणि सोबतच्या चित्रात मिळून पाच चुका आहेत. जन्मगाव चुकले. ‘अबोल, भोळी गृहिणी’ हे वर्णन चुकले. मृत्यूचे कारण कुणालाही देता येणार नाही इतक्या खात्रीने दिले. एक सोनाटा तिच्या नावावर चढवला. आणि चित्र छापले ते तिच्या मुलीचे. पहिली आणि शेवटची चूक हातासरशी दुरुस्त होईल. मधल्या तीन मात्र पुस्तकांतून पुस्तकांत उतरत आलेल्या आहेत, म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे. काटछाट करावी लागली तर पॅरिसचा भाग तेवढा ठेवावा.

मोझार्टची आई आन्ना मारिया वाल्बुर्गा पेर्टल हिचा जन्म साल्झबर्ग शहरातला नाही. तो २५ डिसेंबर १७२० रोजी सेंट गिल्गेन या सरोवराकाठच्या गावी झाला. तिचे वडील वोल्फगांग निकोलाउस पेर्टल हे साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या, म्हणजे तिथे राज्यही करणाऱ्या मुख्य धर्मगुरूच्या, राज्यातले अधिकारी. कायदा शिकलेले आणि गाणारेही. वसुली आणि न्याय या दोन्ही गोष्टी ते पाहत. तिची आई चर्चमध्ये वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या घरातली. ‘मोझार्टला संगीत मिळाले ते वडिलांकडून’ असे सरसकट लिहिले जाते, तेव्हा ही बाजू विसरली जाते. वडील लिओपोल्ड हा ऑग्सबर्गच्या पुस्तकबांधणी करणाऱ्याचा मुलगा. त्याच्या घराण्यात त्याच्या आधी संगीताचा धंदा कुणी केलेला नव्हता. नातवाला, म्हणजे मोझार्टला, ‘वोल्फगांग’ हे नावही मिळाले ते आईच्या वडिलांचे.

मार्च १७२४ मध्ये वडील वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. घरातले सामान विकून ते फेडावे लागले. आन्ना मारिया तेव्हा सव्वातीन वर्षांची. विधवा आई दोन मुलींना घेऊन साल्झबर्गला आली आणि महिना ८ गुल्डेनच्या निर्वाहवेतनावर राहू लागली. वर्षाचे ९६ गुल्डेन. पुढे १७७२ मध्ये सोळा वर्षांच्या वोल्फगांगला दरबारी वाद्यवृंदात वर्षाला १५० गुल्डेन पगार मिळाला आणि तो घरात कमीच वाटला. त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांशात तीन माणसे राहत होती, एवढ्यावरून अंदाज यावा. थोरली बहीण १७२८ मध्ये गेली. आन्ना मारिया स्वतः लहानपणी वारंवार आजारी असे. शाळा अशी तिला मिळालीच नाही. तिचे शुद्धलेखन साल्झबर्गच्या बोलीसारखे चालते, उच्चार होईल तसे अक्षर. आपल्या लेखातल्या ‘भोळी’ या शब्दाचा उगम बहुधा इथे आहे. शुद्धलेखनावरून माणसाची अक्कल मोजायची, ही सवय जुनी आहे.

२१ नोव्हेंबर १७४७ रोजी साल्झबर्गच्या कॅथीड्रलमध्ये तिचे लिओपोल्डशी लग्न झाले. ती २६ वर्षांची, तो नुकताच २८ पूर्ण केलेला. बरोबर पंचवीस वर्षांनी, २१ नोव्हेंबर १७७२ ला, लिओपोल्डने मिलानहून तिला लिहिले की लग्न करण्याचा शहाणा विचार आपण आजच्याच दिवशी अमलात आणला. तो मनात मात्र कित्येक वर्षे होता, चांगल्या गोष्टींना वेळ लागतोच. कडक, हिशेबी, सगळ्यांवर लक्ष ठेवणारा असा जो लिओपोल्ड आपण वाचतो, त्याच्या पत्रव्यवहारातला हा सूर फक्त बायकोसाठी राखलेला आहे.

बिऱ्हाड साल्झबर्गच्या गेट्राइडेगासे या गल्लीत, ९ क्रमांकाच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. घरमालक व्यापारी हागेनाउअर. इथे सात बाळंतपणे झाली. लेखात ‘अनेक मुले दगावली’ एवढेच आहे. नोंदी उपलब्ध आहेत, तेव्हा त्या द्यायला हव्या होत्या. पहिला मुलगा १८ ऑगस्ट १७४८ ला जन्मला आणि २ फेब्रुवारी १७४९ ला गेला. दुसरी मुलगी १८ जून १७४९ ची, सहा दिवस जगली. तिसरी १३ मे १७५० ची, ती २९ जुलैला गेली. त्यानंतर एक वर्ष आणि एक दिवस उलटून, ३० जुलै १७५१ ला जन्मली ती मारिया आन्ना, म्हणजे नानेर्ल, ती वाचली. पाचवा मुलगा ४ नोव्हेंबर १७५२ चा; तोही २ फेब्रुवारीलाच गेला, १७५३ च्या. सहावी ९ मे १७५४ ची, सात आठवड्यांची होऊन गेली. आणि २७ जानेवारी १७५६ ला रात्री आठ वाजता वोल्फगांग. साडेसात वर्षांच्या आत सात बाळंतपणे आणि पाच मृत्यू. पहिल्या आणि दुसऱ्या बाळात दहा महिन्यांचे अंतर आहे. पहिले जाते तेव्हा दुसरे पोटात आहे.

शेवटच्या बाळंतपणात वार आपणहून पडली नाही, ती काढावी लागली. लिओपोल्डने ९ फेब्रुवारीला ऑग्सबर्गच्या आपल्या प्रकाशकाला कळवले की त्यामुळे बायको कमालीची अशक्त झाली होती. त्या काळात वार हाताने काढणे म्हणजे रक्तस्राव आणि सूतिकाज्वर यांना उघडे दार. त्यातून ती उठली. पुढे मूल झाले नाही.

बाळे का गेली, याचे एकच उत्तर देता येणार नाही. एक गोष्ट मात्र पत्रांतून कळते. जून १७८३ मध्ये वोल्फगांगला पहिला मुलगा झाला, तेव्हा त्याने वडिलांना लिहिले की बाळाला बायकोच्या अंगावर पाजायचे नाही, परक्या बाईचे दूधही नको. मी आणि माझी बहीण वाढलो तसे पाण्यावरच वाढवायचे. पाणी म्हणजे बहुधा धान्याची निवळ पेज. सासूच्या आग्रहाने अखेर दाई ठेवली, पण ते बाळही दोन महिन्यांत गेले. साल्झबर्गच्या त्या घरात मुले अंगावरच्या दुधावाचून वाढत होती, हे या पत्रावरून दिसते.

आता ‘अबोल’ या शब्दाकडे येऊ.

आन्ना मारिया अबोल वाटते, कारण तिची बहुतेक पत्रे उरली नाहीत. ९ जून १७६३ ते २९ नोव्हेंबर १७६६ या साडेतीन वर्षांच्या युरोपच्या दौऱ्यात ती बरोबर होती. तेव्हा घरमालक हागेनाउअरला पत्रे लिहायचा तो लिओपोल्ड. १७६९ ते १७७३ दरम्यान बापलेक तीनदा इटलीला गेले, तेव्हा ती आणि नानेर्ल साल्झबर्गला राहिल्या. इटलीहून आलेली पत्रे घरात जपली गेली. घरून इटलीला गेलेली वाटेवर संपली. म्हणजे तिने लिहिलेले हरवले आणि तिला लिहिलेले राहिले. जे हाती आहे ते जवळजवळ सगळे शेवटच्या प्रवासातले, सप्टेंबर १७७७ ते जून १७७८ या नऊ महिन्यांतले. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यातले नऊ महिने. तेवढ्यात ती भरपूर बोलते.

चित्रांतही असेच झाले आहे. पॅरिसला कार्मोंतेलने काढलेले प्रसिद्ध जलरंगचित्र पाहा: लिओपोल्ड व्हायोलिन धरून, छोटा वोल्फगांग वाद्यापाशी, नानेर्ल हातात कागद घेऊन गाते आहे. आई चित्रात नाही, पण त्या हिवाळ्यात ती पॅरिसमध्येच होती. लंडनला १७६४ च्या उन्हाळ्यात लिओपोल्ड जबर आजारी पडला आणि कुटुंब हवापालटासाठी चेल्सीला गेले, तेव्हा खाणावळीतून येणारे जेवण इतके वाईट होते की तिने स्वतः रांधायला सुरुवात केली. शहरात परतल्यावरही घरीच करायचे असे ठरले. ती फार वाळली आहे, आता जरा अंग धरेल, असे लिओपोल्ड लिहितो. पुढच्या वर्षी हेगला नानेर्ल इतकी आजारी पडली की मरणासन्न माणसासाठी करायचे अखेरचे धार्मिक विधी तिच्यावर केले गेले. ती बरी होते न होते तो वोल्फगांग अंथरुणाला खिळला. हे सगळे दौऱ्याच्या ‘यशा’च्या पोटात आहे.

२३ सप्टेंबर १७७७. आर्चबिशप कोलोरेडोने लिओपोल्डला रजा नाकारली, तेव्हा मुलाबरोबर कोण जाणार हा प्रश्न आला. एकवीस वर्षांच्या वोल्फगांगला सामान बांधणे, गावोगावची निरनिराळी नाणी, वसतिगृहाची बिले यांपैकी काही जमेल यावर बापाचा भरवसा नव्हता. म्हणून आई गेली. सकाळी सहाला गाडी निघाली. गडबडीत मुलाला आशीर्वाद द्यायचा राहिला म्हणून लिओपोल्ड खिडकीकडे धावला. गाडी दिसेनाशी झाली होती. नानेर्ल डोके धरून दिवसभर पडली आणि कुत्री पिम्पेर्ल तिच्याजवळ. त्या पिम्पेर्लची खुशाली आन्ना मारिया पुढे पत्रांतून विचारत राहते. रविवारी साल्झबर्गला मित्रमंडळी जमून रंगवलेल्या फलकांवर नेमबाजी करीत. ती परगावी असली तरी तिच्या वाटचा डाव दुसरे कुणी खेळायचे आणि हारजीत तिच्या खात्यावर लागायची. हा हिशेबही पत्रांतून येतो.

आणि तिची भाषा! म्युनिकहून २६ सप्टेंबरला तिने नवऱ्याला जी शुभरात्र कळवली आहे ती यमकात आहे आणि इतकी रांगडी आहे की आपल्या दैनिकात छापता येणार नाही. वोल्फगांगने चुलतबहिणीला लिहिलेल्या असल्याच पत्रांवर विद्वानांनी काय काय निदाने केली आहेत. घरात ही बोलीच होती आणि आईकडे तिचा साठा चांगला होता, एवढे लक्षात घेतले तर बरीच निदाने मागे घ्यावी लागतील.

म्युनिकला जागा रिकामी नव्हती. ऑग्सबर्ग झाले. ३० ऑक्टोबरला मायलेक मानहाइमला पोहोचले आणि साडेचार महिने अडकले. तिथल्या संस्थानिकाने पैशांऐवजी सोन्याचे घड्याळ दिले. वोल्फगांगकडे आता पाच घड्याळे झाली आणि बिल भरायला रोकड नाही. एका डच गृहस्थाने बासरीच्या रचनांसाठी २०० गुल्डेन कबूल केले होते. काम पुरे न झाल्याने ९६ च हातात पडले. आई बहुतेक दिवस खोलीत एकटी. डिसेंबरात ती लिहिते की थंडीने बोटे गारठून लेखणी धरवत नाही. पुढे मुलाने घरमालकाच्या मुलीला शिकवायचे आणि त्या बदल्यात दोघांना राहायला जागा, असा व्यवहार जुळला, तेव्हा जरा बरे झाले.

याच मुक्कामात वोल्फगांग आलोयसिया वेबर या गायिकेवर भाळला. ४ फेब्रुवारी १७७८ ला त्याने बापाला लिहिले की वेबर कुटुंबाला घेऊन इटलीला जावे म्हणतो. त्याच कागदाच्या शेवटी आईने त्याच्या नकळत चार ओळी घातल्या: वोल्फगांगला नवी ओळख झाली की त्या माणसांसाठी जीव आणि पैका दोन्ही ओवाळून टाकायला तो तयार होतो, ती मुलगी गाते अप्रतिम हे खरे, पण स्वतःचे हित विसरून चालत नाही, तो जेवायला गेला आहे तेवढ्यात हे गुपचूप लिहिते आहे, सापडता कामा नये.

या ओळींचे महत्त्व टपालाच्या हिशेबाशिवाय कळत नाही. मानहाइम-साल्झबर्ग पत्राला साधारण सहा-सात दिवस लागत. त्या कागदाला लिओपोल्डने १२ तारखेला उत्तर लिहिले: पॅरिसला नीघ, आणि लवकर! ते मानहाइमला पोहोचेपर्यंत दोन आठवडे उलटलेले. म्हणजे आईच्या चार ओळींनी आणि बापाच्या उत्तराने मिळून मोझार्टच्या आयुष्याची दिशा फिरवली. मूळ बेत असा होता की तो मानहाइमच्या वादक सोबत्यांबरोबर पॅरिसला जाईल आणि आई घरी परतेल. वोल्फगांगने त्या सोबत्यांबरोबर जाणे टाळले, तेव्हा त्याला एकटे सोडायला नको म्हणून तिलाही पॅरिसला धाडायचे ठरले. तिला जायचे नव्हते. पुढे लिओपोल्डच लिहून गेला की ती मानहाइमहून घरी आली असती तर मेली नसती. मुलाला उद्देशून लिहिलेले हे वाक्य आहे, आणि पॅरिसला जाण्याचा हुकूम त्याचा स्वतःचा होता.

१४ मार्चला निघून २३ मार्चला दुपारी चार वाजता ते पॅरिसला पोहोचले. आठ दिवस हवा चांगली, शेवटचे दोन दिवस वारा आणि पाऊस. बंद गाडीतही दोघे चिंब भिजले आणि श्वास घेणे मुश्कील झाले, असे तिने लिहिले आहे. पहिले बिऱ्हाड रू बुर लाबे या रस्त्यावरच्या घरात. ५ एप्रिलचे तिचे पत्र आमच्या मते या कुटुंबाच्या सगळ्या पत्रव्यवहारातले सर्वात नेमके पत्र आहे. खोली लहानशा चौकाकडे तोंड करून. दिवसभर सूर्य दिसत नाही, बाहेर हवा कशी आहे कळत नाही, कैदेत बसल्यासारखे वाटते. जो उजेड येतो त्यात कसेबसे थोडे विणता येते. भाडे महिना ३० लिव्र (लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन). दार आणि जिना इतके अरुंद की वाद्य वर चढवताच येत नाही. म्हणून वोल्फगांग रचना करायला लग्रो या संगीतसभेच्या संचालकाच्या घरी जातो, कारण तिथे वाद्य आहे. तो दिवसभर दिसत नाही, मी बोलणेच विसरून जाईन.

‘मुलाने आईला अंधाऱ्या खोलीत टाकले’ असा आरोप आपल्या लेखात आहे. कारण जिन्याची रुंदी आहे, आणि ते तिनेच लिहून ठेवले आहे. पुढे ते रू द्यु ग्रो शने या रस्त्यावर, समोर रस्ता दिसणाऱ्या दोन खोल्यांत राहायला गेले, हेही लेखात यायला हवे होते.

त्याच पत्रात जेवणाचा हिशेब आहे. दुपारच्या डब्याला १५ सू, म्हणजे पाऊण लिव्र (२० सूंचा एक लिव्र). त्यात तीन पदार्थ. पहिला पालेभाजी घातलेले सूप, ते तिला आवडत नाही. दुसरा वाईट मांसाचा तुकडा. तिसरे कधी गढूळ रश्श्यातला वासराचा पाय, कधी दगडासारखे काळीज. या जेवणाला तिने ‘उत्तम’ म्हटले आहे. उपरोध तिला साधतो. रात्री डबा नाही. घरमालकीण दोन-चार पौंड वासराचे मांस आणून भटारखान्यात भाजून आणते; ते पहिल्या रात्री गरम आणि संपेपर्यंत थंड, इंग्लंडात खातात तसे. उपवासाच्या दिवसांचे तर वर्णनच नको, म्हणते. महिन्याच्या दुपारच्या डब्यांचे पैसे जोडले तर साडेबावीस लिव्र होतात. खोलीच्या भाड्याच्या तीन चतुर्थांश. ‘भोळ्या’ बाईने हा हिशेब नवऱ्यासाठी मांडला आहे, कारण तिकडे साल्झबर्गला तो कर्ज काढून हा प्रवास चालवत होता.

एक मेच्या पत्रात तीन आठवडे दात, डोके, घसा आणि कान दुखत होते, आता बरे आहे असे येते. घरची काळी पूड संपत आली आहे, कुणाबरोबर तरी पाठवा, अशी मागणीही आहे. ही पूड त्या घराचा सर्व रोगांवरचा उपाय होता.

आता मृत्यूचे कारण. लेखात लिहिले आहे, ‘अडाणी वैद्यांनी रक्त काढल्याने तिचा मृत्यू झाला.’ क्रम पाहा. १० जूनला ती ओळखीच्या हाइना या वादकाबरोबर लक्झेंबुर्गच्या बागेत फिरली, तिथल्या राजवाड्यातली चित्रे पाहिली, दमून घरी आली. ११ जूनला रक्त काढले. त्या काळी निरोगी माणसेही ठरावीक काळाने हे करून घेत. १२ जूनला तिने शेवटचे पत्र लिहिले: काल रक्त काढले, हात आणि डोळे दुखतात, म्हणून फार लिहीत नाही. वोल्फगांगच्या ३१ जुलैच्या पत्रानुसार उकाड्यामुळे शस्त्रवैद्याने रक्त नेहमीपेक्षा कमीच काढले. नंतर काही दिवस ती बरी होती. मग जुलाब सुरू झाले. कुणी मनावर घेतले नाही, कारण पॅरिसचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक परक्याला ते होत. वोल्फगांगलाही आल्याआल्या झाले होते. १९ जूनला डोके दुखू लागले आणि तिने अंथरूण धरले. २० ला हुडहुडी, मग ताप. घरी होती ती पूड दिली.

इथे चार दिवस गेले, आणि खरी चूक शोधायचीच असेल तर ती इथे आहे. वोल्फगांग डॉक्टर आणू म्हणत होता, ती नको म्हणत होती. तिला फ्रेंच डॉक्टरवर विश्वास नव्हता. तिला फ्रेंच धड येत नव्हते, दुखणे परक्या भाषेत सांगायचे कसे? जर्मन डॉक्टर शोधेपर्यंत २४ तारीख उजाडली. आला तो सत्तरी ओलांडलेला. त्याने वाइनमध्ये रेवंदचिनीची पूड दिली. वाइनने ताप वाढेल ना, असे वोल्फगांगने विचारले. त्यावर उत्तर मिळाले की उष्णता पाण्याने वाढते, वाइनने नाही. जुलाबाने शरीरातले पाणी आटलेल्या बाईला वरून जुलाबाचे औषध आणि पाणी बंद. त्याच सुमारास तिचे कान गेले. २६ ला डॉक्टर म्हणाला, आजची रात्र काढेल असे वाटत नाही, पाद्र्याची सोय करा. वोल्फगांग जर्मन बोलणारा पाद्री शोधत हाइनाकडे धावला. ग्रिम या पॅरिसमधल्या हितचिंतकाने आपला डॉक्टर पाठवला, तोवर करण्यासारखे काही उरले नव्हते. जून संपता संपता अखेरचे विधी झाले. शेवटचे दिवस ती भ्रमात होती. ३ जुलै १७७८ ला संध्याकाळी पाच वाजून एकवीस मिनिटांनी शुद्ध हरपली आणि बरोबर पाच तासांनी, रात्री दहा वाजून एकवीस मिनिटांनी ती गेली. खोलीत मुलगा, हाइना आणि एक परिचारिका.

ताप, जुलाब, बहिरेपण, भ्रम यांवरून आजचे डॉक्टर विषमज्वर किंवा टायफस म्हणतात. दोन्ही शक्य आहेत. शवचिकित्सा झालेली नाही, त्यामुळे यापुढे जाता येत नाही. ११ जूनला रक्त काढल्याने तिची ताकद कमी झाली असेल. तेवढेच कारण मात्र ठरत नाही, कारण मध्ये आठ दिवसांचे अंतर आहे.

त्या रात्रीच्या पत्रांवरूनही वोल्फगांगला निष्ठुर ठरवले जाते. वडिलांना लिहिलेल्या पत्रात आई गंभीर आजारी आहे असे आहे, आणि पुढे १८ जूनला गाजलेल्या सिंफनीचे रसभरित वर्णन, मैफलीनंतर खाल्लेले आइस्क्रीम, नवस केलेली जपमाळ. तेव्हा आई जाऊन काही तास झाले होते. पण त्याच रात्री दोन वाजता त्याने साल्झबर्गच्या पाद्री बुलिंगरला दुसरे पत्र लिहिले: आई गेली, वडिलांना आणि बहिणीला हळूहळू तयार करा. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचायची असतात. एकच उचलले की मुलगा राक्षस दिसतो.

तिकडे लिओपोल्डने १२ जुलैला बायकोला नामदिनाच्या शुभेच्छा लिहायला घेतल्या होत्या. संत आन्नाचा दिवस २६ जुलै. पत्र वेळेवर पोहोचावे म्हणून इतके आधी. १३ जुलैला सकाळी मुलाचे पत्र आले. ते वाचूनच त्याने ओळखले. संध्याकाळी नेमबाजीची मंडळी उठून गेल्यावर बुलिंगर मागे थांबला, तेव्हा खात्री झाली. शुभेच्छांच्या त्याच कागदावर पुढचा मजकूर सुरू होतो.

अंत्यविधी ४ जुलैला सेंत उस्ताश चर्चमध्ये झाला. नोंदवहीत वोल्फगांग आणि हाइना यांच्या सह्या आहेत. थडगे आज दाखवता येत नाही. चर्चमध्ये स्मृतिफलक आहे.

ए मायनर सोनाटा (मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक के. ३१०) आईच्या मृत्यूचा विलाप आहे, हे विधान लेखातून काढावे. हस्तलिखितावर ‘पॅरिस, १७७८’ एवढेच आहे. तो मृत्यूआधीचा की नंतरचा, हे त्यावरून ठरत नाही. मायनर स्वर म्हणजे शोक, आणि शोक म्हणजे आई, असा हा दोन उड्यांचा तर्क आहे.

राहता राहिले चित्र. या घरात मारिया आणि आन्ना या दोन नावांची तीन माणसे आहेत: आई आन्ना मारिया, मुलगी मारिया आन्ना (नानेर्ल) आणि ऑग्सबर्गची चुलतबहीण मारिया आन्ना टेक्ला. चित्रसंग्रहात नावावरून शोधले की गफलत होते. आपण छापलेले, लहान मुलगी भरजरी झग्यात उभी असलेले चित्र नानेर्लचे आहे. ते १७६३ चे. आईचे तैलचित्र १७७५ च्या सुमाराचे. ते हाताशी नसेल तर योहान नेपोमुक देला क्रोचे याचे १७८०-८१ चे कुटुंबचित्र वापरावे. वोल्फगांग आणि नानेर्ल एकाच वाद्यावर बसले आहेत, लिओपोल्ड व्हायोलिन घेऊन, आणि मागच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत आन्ना मारिया. तिला जाऊन दोनेक वर्षे झाली होती. कात्री लावताना ती भिंत कापली जाणार नाही एवढे पाहावे.

आणि जन्मगावाची दुरुस्ती छापाल तेव्हा एक ओळ जोडता आली तर जोडावी: नानेर्लचे लग्न ऑगस्ट १७८४ मध्ये सेंट गिल्गेनच्या अधिकाऱ्याशी झाले. आजोबांचेच पद त्या वेळी तिच्या नवऱ्याकडे होते, त्यामुळे ती राहायला गेली ते तिची आई जन्मली त्याच घरात.

आपले,
पाश्चात्त्य अभिजात संगीताचे काही वाचक-श्रोते